रांगेतला तिसरा

"सार गेले," पद्मामामी फोनवर म्हणाल्या, आणि मला कळलं नाही असं वाटून की काय, पुन्हा म्हणाल्या, "पानात इडली वाढलेली होती ग, तशीच राहिली." दिवाळी नुकतीच उलटली होती. मी ऑफिसला निघण्याच्या घाईत होते. चेन्नईत मास्तर, साहेब, बँकेतला कारकून, सगळेच 'सार' असतात, पण आमच्यापुरता सार एकच. भुजंगराव. ॲनिमेशनच्या धंद्यातले माझे गुरू. एग्मोर स्टेशनामागच्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा आमच्या जुन्या स्टुडिओतली निम्मी मुलं जिन्यात उभी होती, आणि एरवी कोणत्याही विषयावर अक्कल पाजळणाऱ्या त्या मुलांना त्या दिवशी साधं 'ये' म्हणायला सुचत नव्हतं. हृदय बंद पडलं म्हणाले. त्यांच्या त्या हृदयानं याआधी कधी तक्रार केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं... तक्रार करण्याचं खातं त्या घरात मामींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, होतं.

भुजंगराव तंजावरी मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की बखरीचं एखादं पान उठून चालायला लागल्यासारखं वाटायचं. मी स्टुडिओत रुजू झाले त्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "मराठीच की तुम्ही! जेवण जालें?" मी चेन्नईच्या वेशीवर आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मूळचे आम्ही नागपूरकडचे. मी हसले, त्यांनाही माझं मराठी हास्यास्पद वाटलं. "काय ग हें, आगगाडी सुटल्यासारखें बोलतेस," असं ते मला पुढे कैक वर्षं ऐकवत राहिले. ॲनिमेशनमध्ये ते पन्नाशीला आले होते. त्याआधी त्यांनी आयुष्यभर सिनेमाचे फलक रंगवले. रस्त्याकडेला मजले-दोन मजले उंच नट उभे असायचे ना, ते. पण नटाचा चेहरा रंगवायचा मान वस्तादाचा. भुजंगरावांकडे नटाच्या पायाशी असलेली गर्दी यायची. गर्दी म्हणजे नुसते ठिपके काढायचे असा तिथला रिवाज. यांनी एका फलकावर त्या गर्दीतल्या प्रत्येकाला चेहरा दिला. एकाची दाढ दुखत होती, एकाचं लक्ष भलत्याच बाईकडे होतं. बसमधले लोक नट सोडून त्या दाढदुखीकडे बोट दाखवायला लागले, तेव्हा वस्तादानं त्यांना ब्रश फेकून मारला. ही गोष्ट ते फार अभिमानानं सांगत. पुढे छापील फलक आले, रंगाचे डबे वाळले, आणि हा माणूस मुलांच्या वयाच्या पोरांकडून माउस धरायला शिकला.

आमच्या स्टुडिओकडे तेव्हा एका परदेशी मालिकेचं काम होतं. ग्रहाग्रहांमधली लढाई, लहान मुलांसाठी. तिच्यातले सैनिक नखशिखांत करड्या चिलखतात, तोंडावर बंद शिरस्त्राण, चेहरा कधी दिसायचाच नाही. आम्ही त्यांना 'करडे' म्हणायचो. यात युद्धाविषयी काही खोल विचार होता असं नाही, हा पैसे वाचवण्याचा मार्ग होता. एकच पुतळा बनवायचा, त्याच्या हव्या तितक्या प्रती काढायच्या, सगळ्यांना एकच चाल द्यायची, झाली फौज. भुजंगरावांना हे काम मिळालं म्हणजे पुन्हा ती फलकावरची गर्दीच आली वाट्याला. आणि खोड जित्याची. त्यांनी एकेका करड्याला नाव द्यायला सुरुवात केली, सगळी त्यांच्या आजोळची नावं. "हा बाबाजी, याच्या गुडघ्यांत कळ आहे. हा अण्णाजी, यास घरून निघतांना बायको बोलली नाहीं." चेहरा दिसत नाही ना, मग खांद्यातून दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. आम्हा सगळ्यांना पाठीवर तांदळाचं पोतं बांधून ते स्टुडिओचा जिना चढायला लावायचे. ओझं वाहताना माणूस कुठे वाकतो हे पुस्तकात वाचून कळत नाही, म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्या बँकेतले लोक आम्हाला वेडे समजत, आणि पाठीवर पोतं असताना मलाही त्यांचंच पटायचं.

एका रविवारी ते म्हणाले, खरा सैनिक बघायचा आहे. मी त्यांना आवडीला घरी जेवायला नेलं आणि शेजारच्या कदमकाकांना बोलावलं. कदमकाका साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग आमच्या कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागले. बायको गेलेली, लेकीकडे राहायचे. भुजंगरावांनी त्यांना उठायला लावलं, बसायला लावलं, वळायला लावलं, आणि काका हौसेनं सगळं करत राहिले. मग जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो असताना, कोणी काही विचारलेलं नसताना, काका सांगायला लागले. लढाईतला प्रसंग. डोंगरातली चौकी. समोरची माणसं माघारी पळत होती, शस्त्रं टाकलेली, एका जखमीला उचलून नेत होती. "हुकूम झाला. समद्यांनी झाडल्या. माजं बोट मागं राह्यलं. लई न्हाई... अर्धा श्वास म्हना. मग म्या बी झाडली."  मग म्हणाले, की तेव्हापासून एकच गोष्ट कळत नाही. रांगेतल्या बाकीच्यांना काहीच वाटलं नाही का? वाटलं नसेल, तर मी एकटाच भित्रा निघालो. पलटणीत उशीर म्हणजे बेअब्रू. आणि भित्रा नसेन, काही बरं मनात आलं म्हणून थांबलो असेन, तर मग झाडली का? बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.  भुजंगराव त्यांच्या शेजारी जरा सरकून बसले.

काही महिन्यांनी मालिकेत तसाच प्रसंग आला. चंद्रावरची खाण, खाणकामगार पळताहेत, अधिकारी हात खाली करतो, आणि सहा करडे गोळ्या झाडतात. आम्हाला आलेल्या आराखड्यात सहाही जण एकदम झाडत होते. भुजंगरावांनी रांगेतल्या तिसऱ्याला, त्याचं नाव रागोजी, किंचित मागे ठेवलं. अर्धा श्वास. मला तो रागोजी इतका आवडला की मी साऱ्या स्टुडिओत त्याचे गोडवे गात फिरले, काय माणूस आहे, सगळ्यांत एक तरी माणूस आहे... भुजंगरावांनी ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. "त्यास देव्हाऱ्यांत बसवूं नको. उशिरां झाडली म्हणून गोळी लागायची राहिली काय? बाकीचे पांच राक्षस आणि हा संत, असें केलें म्हणजे कदमकाकांस काय उत्तर दिलें आपण?" ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला.

आठवड्याच्या फोनवर परदेशी दिग्दर्शकांनी हरकत घेतलीच. तिसरा चुकतोय, सहाही जण एकदम हवेत. भुजंगरावांनी समजावून पाहिलं, चूक नाही, मुद्दाम आहे. तिकडून उत्तर आलं, प्रेक्षकाला चूकच वाटेल. ते तसं खोटंही नव्हतं. आमच्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मालिकेच्या पुढच्या भागांचं काम अजून पक्कं व्हायचं होतं आणि स्टुडिओतल्या सगळ्यांची चूल त्यावर होती. आम्हा तरुण मंडळींना वाटलं, आता सार राजीनामा तोंडावर फेकणार. सार म्हणाले, "सरि." म्हणजे ठीक आहे. बस्स, एवढंच. माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या! दुरुस्तीचं काम मी करणार नाही, असं मी त्यांना ताडकन सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "तुला सांगितलें कोणीं? हुकूम मज जाला आहे. मी करीन." दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत आलेच नाहीत, घरूनच काहीतरी तयारी करून तिसऱ्या दिवशी आले आणि मान खाली घालून कामाला बसले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. माझा तो अबोला त्यांच्या लक्षात तरी आला का, शंकाच आहे.

दुरुस्त केलेला प्रसंग सगळ्यांना दाखवला तेव्हा मी हाताची घडी घालून मागे उभी होते. अधिकाऱ्याचा हात खाली आला. आणि काहीच झालं नाही. सहा बंदुका रोखलेल्या, एकही हलेना... खोलीतल्या कोणाच्या तरी हातातला चहाचा पेला मध्येच थांबला. मग सहाही जणांनी एकदम झाडल्या. त्यांनी रागोजीला पुढे आणलंच नव्हतं. बाकीच्या पाचांना त्याच्यासाठी मागे थांबवलं होतं. आणि थांबले होते ते प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं. एकाची मान किंचित वळलेली, एकाचं कोपर ढळलेलं, एक तर खांबासारखा ताठ, जरा जास्तच ताठ. सरळ बोटानं तूप निघत नाही हे आपण सगळेच जाणतो, पण बोट वाकडं करूनही हुकूम न मोडण्याची कला मी त्या दिवशी पाहिली. दिग्दर्शक फोनवर म्हणाले, आता बरोबर वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. भुजंगराव म्हणाले, तुम्ही एकदम हवेत म्हणालात, एकदम केले. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी विचारलं, "सार, म्हणजे आता सहाही जण चांगले?" ते म्हणाले, "नाहीं ग. सहाही जणांनीं झाडली."

तो भाग टीव्हीवर येऊन गेल्यावर आम्ही सीडी घेऊन पुन्हा आवडीला गेलो. कदमकाकांनी चष्मा लावला आणि लहान मुलांची ती मालिका बातम्या ऐकाव्यात तशी गंभीरपणे पाहिली. तो प्रसंग संपताच म्हणाले, परत लावा. आम्ही परत लावला. "समदेच थांबले हुते म्हंता?" त्यांनी विचारलं. त्यांचा तो आवाज ऐकून मला भडभडून आलं. भुजंगरावांनी 'होय' म्हणावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहत होते. एवढ्याशा शब्दानं म्हाताऱ्याचं ओझं उतरलं असतं. ते म्हणाले, "मज ठाऊक नाहीं, काका. मी तेथें नव्हतों. ही माझी कल्पना." मग त्यांनी विचारलं, "त्या रांगेंतले कोणी आहेत अजून?" काका म्हणाले, एक जाधव आहे, गावाकडे असतो. "पन असं कसं इचारायचं कुनाला?" परतताना गाडीत मी भुजंगरावांशी भांडले. होय म्हणायला काय जात होतं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या होयास काय किंमत? जाधवाचें होय असेल तर तें खरें."

त्यानंतर कधीही भेट झाली की ते काकांना विचारायचे, गावीं जाऊन आलां का? काका म्हणायचे, जाईन की. अशी वर्षं गेली. मालिका संपली, मी दुसऱ्या स्टुडिओत मोठ्या जागेवर गेले, तिथल्या पोरांच्या पाठीवर तांदळाची पोती बांधायला लागले. फार मोठे चित्रकार, फार मोठे कलावंत मी पुढे पाहिले. पण चेहरा नसलेल्या माणसाचीही इतकी काळजी करणारा, आणि ती काळजी करताना त्याच्या पदरचं पाप जराही कमी न लेखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं असतं तर म्हणाले असते, "पुरे ग, आगगाडी थांबव."

यंदा दिवाळीला कदमकाका गावी गेले होते. परत आले तेव्हा भुजंगरावांना जाऊन तीन आठवडे झाले होते. बातमी कळताच ते म्हणाले, मला त्यांच्या घरी ने. आता ते नीट चालत नाहीत, एग्मोरचा तो जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. फोटोपुढे हात जोडून झाल्यावर त्यांनी मामींना विचारलं, ते काम कुठं करायचे? मामींनी आतली खोली दाखवली. तिथं भिंतीला शिंप्याच्या दुकानात असतो तसा पुरुषभर उंचीचा आरसा आहे. मामी म्हणाल्या, "त्या गोळीबाराच्या वेळेस दिवसभर इथें उभे. हातांत छत्री. एकदां या ठिकाणीं, मग एक पाऊल सरकून त्या ठिकाणीं. सहा जण होऊन सहादां. जेवायला हांक मारली तर म्हणाले, थांब, चौघांचें जालें, दोघे राहिले."

काका त्या आरशासमोर पलंगावर बसले. आरशात त्यांच्याशेजारी मी आणि मामी दिसत होतो. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"जाधवाकडं गेल्तो," ते म्हणाले. माझ्याशी नाही, आरशाशी. "त्यांना सांगाया आलो हुतो. इचारलं त्याला. म्हनलं, गड्या, त्या दिशी माजं बोट मागं राह्यलं हुतं."

"मग?" मी म्हटलं.

"रडाया लागला. म्हनला... तुजं बी?"