तुळशीरामची बिनमोजलेली झाडं

संग्रामपूर तालुक्यात कलम बांधणारे लय भेटतीन, पण तुळशीरामसारखा नाही भेटणार. खोटं वाटत असन तर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत विचारत जा. आमचा लहाना भाऊ हाये म्हणून नाही सांगत. शाळा म्हणान तर दोघा भावांची मिळून सातवी भरते. पण त्यानं चाकूनं फांदी छाटली, सुतळी गुंडाळली, वरून शेण-माती लिंपली, का ते कलम जगलंच. मेलेलं कोणी दाखवावं.

त्याच्या बागेतल्या झाडाझाडाले नाव हाये. बांधावरचा जुना आंबा म्हंजे सत्यभामा, आईचंच नाव. मनात आलं तरच फळ देणारा पेरू, तो जावई. काट्यानं ओरबाडणारं लिंबू, ते पाटलीण. संत्र्यांत एक मुकी, एक हसरी. सकाळी बागेत शिरला का तुळशीराम सगळ्यायच्या अंगावरून हात फिरवे. पण मोजे नाही. आई सांगून गेलती, फळतं झाड मोजायचं नाही, मोजलं का ते मनात खिन्न होते. आईचा शब्द त्यानं कधी मोडला नाही.

तिथंच सगळं अडलं.

खाली धरण होऊन राह्यलं, बाग पाण्यात जाणार. गेल्या वर्षी मोजणीवाले आले. दुपार चढलेली, पुढची तीन वावरं बाकी. एकानं बांधावरूनच विचारलं, "बाबा, फळझाडं किती?"

तुळशीराम अंग चोरून म्हणे, "असतीन पाच-सात."

बायको अन्नपूर्णाबाई मागून खाकरली, डोळे वटारले. पण त्या माणसानं पाच लिहून टाकले, तुळशीरामनं खाली सही केली. अन् यंदा आंब्याले मोहोर आला तवा घरी नोटीस आली. फळझाडं, पाच. मोबदला तेवढ्याचाच.

पाण्याच्या वरती, उंचावर, त्यानं खडकाळ तुकडा घेऊन ठेवला होता. एकूण एक झाडाचं कलम पिशवीत बांधून छपरीखाली रांगेनं लावलं होतं. पाण्याचा बोर अन् कुंपण झाडायच्या मोबदल्यातून व्हायचं होतं. बोर नाही तर उन्हाळ्यात ती कलमं उभ्यानं वाळणार.

तेवढ्यात दीपक आला. मोबदल्याचे दावे चालवणाऱ्या कंपनीचा पोरगा, पांढरी गाडी, गोड जबान.

"काका, पाच झाडांवर कायले भागवता? आम्ही पूर्ण मिळवून देतो. फी शंभरात चाळीस. हे मुखत्यारपत्र, अन् दोन कोऱ्या चेकवर सही."

अन्नपूर्णाबाई चहाचा कप ठेवत म्हणे, "कोऱ्या चेकवर? भाऊ, कोऱ्या ताटावर तरी तू जेवायले बसशीन का?"

दीपक हसला. तुळशीराम आपल्याच तंद्रीत. म्हणे, "चाळीस म्हंजे किती झाडं?"

"झाडं नाही काका, पैसे."

"पैसे झाडायचेच न?"

"तसं धरा मंग. दहा झाडं असली तर चार आमची."

कागद ठेवून, उद्या येतो म्हणून दीपक गेला. तुळशीराम सत्यभामेच्या सावलीत जाऊन लवंडला. वरून मोहोर झरत होता, माश्या गुणगुणत होत्या. डोळा लागला.

पाहाते तं बागेत पाणी चढून राह्यलं. गाईच्या श्वासासारखं कोमट पाणी, आवाज नाही काही नाही. संत्री वर तरंगून राह्यली, जसे दिवे सोडले. झाडायनं मुळ्या हळूच उचलल्या, बायका ओढा उतरताना लुगडं उचलतात तशा, अन् चालाले लागली. बांधावर दीपक उभा. ज्याकडं बोट दाखवे, ते झाड त्याच्या गाडीमागं जाय. मुकी गेली. जावई गेला, मान खाली घालून. मंग सत्यभामेकडं बोट आलं. तुळशीरामले ओरडायचं होतं, पण गळ्यात पाणी. ती जाता जाता वळली अन् आईच्याच आवाजात म्हणे, "तुळशी, मले कोणाच्या वाट्याले देलं रे?"

तो उठला तवा छातीवर मोहोराचा थर होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद जसेच्या तसे दीपकच्या हातात देले.

"काका, तुम्हाले एकट्याले नाही जमणार."

"नाही जमलं तर नाही. पण माही झाडं तुह्या गाडीमागं नाही येणार."

मंग दोघं नवराबायको तलाठी मॅडमकडं गेले. धम्मशीला मॅडम म्हणे, "साध्या कागदावर अर्ज करा, फेरमोजणी मागा. कोणाले एक रुपया द्यायचा नाही. पण पंधरा दिवसांच्या आत. अन् काका, या खेपेले आकडा तुम्हालेच सांगा लागन. मागचा तुमच्याच तोंडचा हाये, सहीनिशी."

अर्ज अन्नपूर्णाबाईनं लिहिला. पण तुळशीराम छपरीखाली कलमायपाशी येरझारा घालाले लागला. इकडं आई, तिकडं पिशवीतली लेकरं. अन्नपूर्णाबाई म्हणे, "बागेतल्या खारीलेही माहीत हाये किती झाडं हायेत ते. तुम्हालेच तेवढं माहीत नाही!"

फेरमोजणीच्या दिवशी मॅडम आल्या, कृषीवाला साहेब आला, टेप आला. तुळशीराम पायातल्या चपला काढून सत्यभामेपाशी गेला. खोडावर हात ठेवला, डोळे मिटले.

"सत्यभामा," म्हणे.

साहेब चमकले. "आकडा सांगा न बाबा."

"नाव सांगतो साहेब. हजेरी घ्या."

मॅडम गालात हसल्या, कागदावर एक रेघ ओढली. साहेबानं खोडाले टेप लावला. तुळशीराम चालत गेला. पाटलीण. जावई. मुकी. हसरी. नाव घे, हात ठेवे, पुढं सरके. वारं नव्हतं तरी ज्याचं नाव घेतलं ते झाड जरासं हललं, असं तो आजही सांगते. असा डोकेबाज माणूस दाखवा मले तालुक्यात. शेवटचं सीताफळ झालं तवा मॅडमनं रेघा मोजल्या, आकडा लिहिला, सहीले कागद पुढं केला. यानं आकडा डाव्या तळहातानं झाकला अन् उजव्यानं सही केली.

सगळ्या झाडायचा मोबदला त्याच्याच खात्यात आला, पुराच्या पुरा. वर बोर झाला, कुंपण झालं, कलमं मातीत गेली.

परवा दीपक तिकडून चालला होता, दुसऱ्या कोणाचे कागद घेऊन. गाडी थांबवून विचारे, "काका, शेवटी किती झाडं निघाली?"

तुळशीराम पाईप धरून उभा होता. "मले काय माहीत?"

"अन् काकूले?"

अन्नपूर्णाबाई आळ्यात माती ओढत होती. तुळशीरामनं पाईप पुढच्या कलमाकडं सरकवला अन् म्हणे, "पी बाई सत्यभामा."