व्याह्यांचं पिवळं निशाण

आमच्या व्याह्यांइतका सौद्याला नालायक माणूस उभ्या दक्षिण गोलार्धात नसेल, आणि त्यांच्याविरुद्ध माझी मूळ तक्रार तीच आहे. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातलं पडद्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं ते कापडवाल्याशी, जागेच्या मालकाशी आणि गिऱ्हाइकाशी भांडून. मुलीच्या लग्नाच्या बैठकीला पुण्यात गेलो तेव्हा मानपान, हॉल, जेवणाचा बेत, प्रत्येक मुद्द्यावर माझं पहिलं म्हणणं, मधलं म्हणणं आणि शेवटचं म्हणणं तयार होतं. हे गृहस्थ पहिल्याच म्हणण्याला "चालेल" म्हणाले. पुढच्यालाही "चालेल". दंड थोपटून आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला समोरच्याने बसायला खुर्ची द्यावी, तसं माझं झालं. शेवटी मीच चिडून म्हटलं, अहो, तुम्हाला काहीतरी हवं असेलच की. तेव्हा ते लाजले आणि म्हणाले, "थोडं पिवळं रेशीम मिळालं तर बघा. काठ नको, बुट्टे नकोत. आणि पीतांबरापेक्षा जरा फिकं." आमच्या हिला वाटलं, विहीणबाईंच्या ब्लाउजसाठी असेल. ते हवं होतं अठराव्या शतकातल्या इंग्रज पलटणीच्या निशाणासाठी.

बँकेतून निवृत्त होऊन ते सिडनीला मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, राहायला आले आणि माझ्या डोक्याचा ताप रोजचा झाला. त्या काळच्या प्रत्येक पलटणीची दोन निशाणं असत: एक राजाचं, म्हणजे अख्खा युनियन जॅक, आणि एक तिचं स्वतःचं. हे दुसरं पलटणीच्या कोटाची कॉलर ज्या रंगाची, त्या रंगाचं. कोपऱ्यात छोटा युनियन जॅक, मधे पलटणीचा नंबर आणि त्याभोवती गुलाब आणि थिसल या काटेरी फुलाची वेल. हे मला कसं माहीत, असं विचारू नका. आमच्या दुकानात खरेदीला आलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. व्याही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत. एखादी बाई पडद्याला झालर पसंत करू लागली की हळूच म्हणत, "झालर फार नंतरची बरं का. मूळ निशाणांना झालर नव्हती." बाई बिचारी दचकून झालर रद्द करी. त्या वर्षी माझ्या दुकानातली झालर पडून राहिली. पाडव्याला त्यांनी परसात गुढी उभारली तीही जवळजवळ दहा फुटी काठीवर, कारण निशाणाची काठी तेवढी असते. आणि रोज संध्याकाळी त्याच काठीला बेडशीट बांधून, कमरेच्या पट्ट्यात काठी रोवून, ते खाडीकाठच्या पायवाटेवर ताठ मानेने चालत. कुत्री भुंकत. एकदा कुणीतरी गाडी थांबवून, "यू ऑलराइट, मेट?" असं काळजीने विचारलं, तर यांनी काठी किंचित झुकवून त्याला सलामी दिली.

मी एकदा स्पष्टच विचारलं, की ज्यांनी आपल्या उरावर राज्य केलं, त्यांची फडकी आपण का मिरवायची? ते म्हणाले, "व्याही, राज्य त्यांचं असेल. पण रेशीम काय इंग्लंडात पिकत होतं?" असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

इथे एक क्लब आहे. त्यातली मंडळी त्या शतकातल्या पलटणीसारखे लाल कोट घालून वर्षातून एकदा पार्कात संचलन करतात. व्याही त्यात शिरले. क्लबकडे राजाचं निशाण होतं, पलटणीचं नव्हतं. ते व्याह्यांनी बनवायला घेतलं: रेशीम लग्नात मी दिलेलं, शिवण माझ्या दुकानातल्या मशीनवर, वेल मात्र हाताने भरलेली. गुलाब आणि थिसल एकाच देठावर फुललेले पाहून मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, ही इंग्लंड आणि स्कॉटलंडची सोयरीक, तुमच्या-माझ्यासारखी. मी म्हटलं, मग यातलं काटेरी कोण? क्षणभर विचार करून म्हणाले, "चालेल, मी होतो."

संचलनाच्या दिवशी सकाळी आम्ही निशाण घेऊन पार्कात पोचलो. क्लबचा अध्यक्ष, लांब मिशांचा एक निवृत्त मास्तर, निशाण पाहून हरखला. मग म्हणाला, हे आमचा युनिव्हर्सिटीतला उंच मुलगा धरेल. निशाण नेहमी पलटणीतला सगळ्यात तरुण अधिकारी धरायचा. तुम्ही तंबूपाशी बसा. इतकी वर्षं बेडशीट घेऊन चाललेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला. तो उतरला, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यातून आवाज आला, "चालेल."

माझं डोकं फिरलं. व्याह्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो. माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता. क्लबच्या त्या राजाच्या निशाणावर तिरप्या लाल पट्ट्या होत्या, आणि त्या युनियन जॅकवर आल्याच मुळी ते शतक सरल्यावर, हे व्याह्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. शिस्त शिकवणाऱ्या अध्यक्षाचं स्वतःचं निशाणच चुकीचं! पण व्याह्यांनी माझा दंड धरला. "ते त्यांच्या आईने शिवलंय. ती आता नाही. ते बोलायचं नाही." एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला कशाला तरी नाही म्हटलं होतं.

तेव्हा हुकमाचा पत्ता खिशात ठेवून मी सौद्याला बसलो. पहिलं म्हणणं मांडलं, की व्याही दोन्ही निशाणं धरतील, दिवसभर, आणि शेवटी अध्यक्ष त्यांना मुजरा करतील. तो हसला. मग मी मोठ्या मनाने एका निशाणावर आणि एका फेरीवर आलो. तो म्हणाला, वडाच्या झाडापर्यंत, पुढे मुलगा. मी म्हटलं, आमच्या धंद्याचा नियम आहे: मापं ज्याने घेतली, पडदा त्यानेच टांगायचा. दुसऱ्याचा हात लागला की आमची गॅरंटी संपली. एवढं बोलून निशाण गुंडाळलं, काखोटीला मारलं आणि पाठ फिरवून व्हॅनकडे चालू लागलो. सौद्यात पाठ बोलते, तसं तोंड बोलत नाही. व्हॅनचं दार उघडतोय तोच मागून हाक आली, "नो वरीज, मेट. पूर्ण फेरी."

मुलाला राजाचं निशाण मिळालं, व्याह्यांना आपलं. दिवस तापलेला होता, आणि संचलन सुरू होतंय तोच दक्षिणेचा वारा सुटला. सिडनीत तो सुटतो तेव्हा तंबू उडतात. इथेही उडाले. मुलाची टोपी गेली, जाड सुती निशाण त्याच्या तोंडाभोवती गुंडाळलं गेलं, आणि बिचारा जागच्या जागी गरगर फिरू लागला. व्याही मात्र वाऱ्यात खांदा घालून उभे राहिले. काठी किंचित कलली आणि ते पिवळं रेशीम असं सुटलं, की सगळं पार्क उजळल्यासारखं झालं. गर्दी उठून उभी राहिली. माझी नात कुंपणावर चढून ओरडली, "आजोबा, यू आर फ्लाइंग!" तेवढ्यात व्याही चालता चालता त्या मुलाशेजारी गेले आणि हळूच म्हणाले, "खांदा वळव, बाळा." मराठीत म्हणाले, पण मुलाला कळलं. अध्यक्षाच्या आईने शिवलेलं ते चुकीचं निशाणही फडाडत उघडलं. दोन्ही निशाणं शेजारी शेजारी, न डगमगता, पूर्ण फेरी करून परत आली. अध्यक्षाने टोपी काढली आणि कमरेत वाकला. सौद्यात मी सोडून दिलेला मुजरा व्याह्यांना फुकट मिळाला. आयुष्यात इतका चोख सौदा माझ्याकडून पुन्हा झाला नाही.

पुढे जावयाला पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सगळे तिकडे गेले. तिकडच्या पावसाळी दमट हवेत रेशीम टिकायचं नाही, म्हणून निशाण माझ्याकडे राहिलं. कोपऱ्यातलं स्टूलही आहे. झालर आता बरी खपते. व्याह्यांचा फोन येतो. नातीची खुशाली सांगून झाली की विचारतात, रेशमाला वारा दाखवलात का? मी खेकसतो, की मला दुकान आहे, तुमच्यासारखा रिकामा नाही मी. तिकडून शांतपणे उत्तर येतं, "चालेल."

मग मी शटर ओढतो आणि काठी घेऊन खाडीवर जातो. कुत्री भुंकतात. मला त्यांच्यासारखं जमत नाही. कापड आधी तोंडावरच येतं. खांदा वळवावा लागतो, मग ते उघडतं, आणि त्या एका देठावरची दोन्ही फुलं थोडा वेळ दिसत राहतात.