पडदेवाली आणि सिस्टर

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. लोकांच्या खिडक्यांची मापं घेता घेता तिची हयात गेली. घरात दुसरी होती सिस्टर, इस्पितळातून निवृत्त झालेली. ऐन पंचविशीत दोघी एका खोलीत राहायला आल्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. 'सिस्टर' ही हाक ऐकून लोक त्यांना बहिणी समजत. त्यांनीही तो समज कधी खोडून काढला नाही.

पडदेवालीच्या भाचीने वाचनालयाच्या सभागृहात एक माहितीपट आणला. दुपारचं ऊन आत घुसत होतं, म्हणून तिने मावशीला काळं कापड घेऊन बोलावलं. शेवटची खिडकी झाकली तसा अंधार दाटला. मावशी स्टुलावरून उतरली नि मागच्या खुर्चीत टेकली. निघायचं होतं, पण पाय उचलेना.

पडद्यावर दूरदेशीची एक काळी कवयित्री बोलत होती. मोर्चात पुढे चालणारी, तुरुंगात जाऊन आलेली, बाईवर जीव जडलेली बाई. खाली भाषांतराची अक्षरं भराभर पळत, तेव्हा पडदेवालीने वाचणं सोडलं आणि नुसता आवाज ऐकत राहिली. पाण्याखालून यावा तसा तो येत होता, संथ, जवळचा. मग कवयित्रीची म्हातारी सखी दिसली. ओट्यापाशी भांडी विसळताना ती कुरकुरत होती की ही साऱ्या जगाशी भांडेल, पण स्वतःचं ताट उचलणार नाही. लोक हसले. पडदेवालीला आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना. ते स्वयंपाकघर तिचंच तर होतं.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. गोळीची वेळ टळली म्हणून सिस्टर शोधत आली होती. तिने गोळी पडदेवालीच्या तळहातावर ठेवली. मग पडद्यावर बघता बघता हात काढून घ्यायचं सिस्टरला सुचलंच नाही.

दिवे लागले. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून आपुलकीने म्हणाले, "या तुमच्या बहीण ना?"

पडदेवाली म्हणाली, "नाही. हे आमचं कुटुंब."

नवऱ्याने बायकोची ओळख करून द्यावी, अगदी तशी ती बोलली. गृहस्थांना उमजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मान डोलावली आणि खुर्ची सरकवून दोघींना वाट करून दिली. दाराशी उभी असलेली भाची मावशीच्या गळ्यात पडली. तिला ते केव्हाचं ठाऊक होतं.

दोघी घराकडे निघाल्या. कोपऱ्यावर आल्यावर सिस्टर म्हणाली, "आधी सांगायचंस तरी. जरा बरे कपडे घालून आले असते."

घर डावीकडे होतं. दोघी उजवीकडे वळल्या आणि कलत्या उन्हात, गावात आजच उतरल्यासारख्या, दुकानं बघत हळूहळू चालत राहिल्या.