बाजीचा पट्टा

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाय, बहिणीला नाय. वडील गेले तेव्हा शेवटचे चार दिवस त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाय. अकरा वर्षं झाली. परवा पाचोडला जाऊन एका माणसाला सांगून आले, कारण सांगायचं होतं ते त्यालाच. आता तुम्हाला सांगते. तोंड उघडलंच आहे तर सगळं बाहेर पडू द्या.

मी चामड्याचं काम करते. औरंगपुऱ्यात गल्लीच्या तोंडाशी वडलांचं दुकान होतं, ते आता मी बघते. बाई आरी घेऊन बसलेली दिसली की गिऱ्हाईक आधी इकडंतिकडं बघतं, मालक कुठंय म्हणून. मालक मीच. बैलांचे पट्टे, घुंगरमाळा, आणि राखणीच्या कुत्र्यांचं सगळं सामान — गळपट्टे, छातीला बांधायचे हार्नेस, तोंडाला घालायची मुसकी. लाडाच्या कुत्र्यांचं नव्हे हं, ते मॉलमध्ये मिळतं. मी म्हणते ती कंपन्यांच्या गोदामांवर रखवालीला असतात ती. त्यांना एक लांब पट्टा लागतो. एक टोक माणसाच्या मनगटाला, दुसरं हुकानं कुत्र्याच्या गळपट्ट्याला. हूक ज्या घडीत बसतो ना, तिथला टाका सगळ्यात महत्त्वाचा. तिथं मेणदोराच लागतो, दुहेरी. हे मला वडलांनी नवव्या वर्षी शिकवलं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाय.

शेषरावदादा एका सिक्युरिटी एजन्सीत कुत्रा सांभाळायला होते. बाजी नावाचा अल्सेशियन, पिल्लू होता तेव्हापासून त्यांच्याच हातात वाढलेला. दादा दुकानात आले की बाजी पायरीखाली बसायचा, आणि दादा ‘चल’ म्हणेपर्यंत हलायचा नाय. शेजारचा भजीवाला मुद्दाम गरम भजं टाकायचा त्याच्यापुढं. बाजी त्याच्याकडं बघायचासुद्धा नाय, फक्त लाळ गळायची बिचाऱ्याची. आम्ही हसायचो. दादाही हसायचे, पण बाजीच्या डोक्यावर हात ठेवून.

आता माझा स्वभाव सांगते. राग माझ्या नाकावर असतो. आणि दादा पडले चिकित्सक. खिशात पक्कड घेऊन फिरायचे. नवा पट्टा हातात दिला की पकडीनं एकेक टाका ओढून बघणार, आणि मग शांतपणे म्हणणार, “ताई, हा जरा ढिला वाटतोय.” मी सांगतेय तो पट्टा त्यांनी तीनदा उसवायला लावला. तीनदा! गिऱ्हाइकांसमोर. मी वरून हसले आणि आतून पेटले. ह्या माणसानं मला टाका शिकवायचा?

चौथ्यांदा शिवायला बसले तेव्हा मेणदोरा संपला होता.

नाय — हे खोटं आहे. बघा, ही थाप मी स्वतःला इतक्यांदा मारलीय की अजूनही तीच आधी तोंडात येते. मेणदोऱ्याचं रीळ वरच्या फळीवर होतं, हात वर केला असता तर मिळालं असतं. मी गोधडीचा साधा सुती दोरा घेतला, एकेरी टाका मारला आणि वरून बुटाचं काळं पॉलिश चोळलं. दिसायला अस्सल. ओढ आता तुझी पक्कड, असं मनात म्हणाले. त्यानं ओढावी, तुटावं, आणि मग मी म्हणावं की सारखं ओढून ओढून तुम्हीच तोडता — असं काहीतरी डोक्यात होतं. भांडायचं होतं मला, दुसरं काय.

दादा आले. पक्कड बाहेर काढली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती परत खिशात ठेवली. “राहू द्या ताई. लई त्रास दिला तुम्हाला. तुमच्या हातचं आहे, बघायचं काय त्यात?”

तेव्हा मी ‘बघा’ एवढं म्हणू शकत होते ना? दोन अक्षरं. बाजी पायरीखालून उठला, दोघं गेले, आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

पावसाळा गेला. पावसात भिजून आतला सुती दोरा कुजला असणार. दसऱ्याला गोदामात मशिनींची पूजा झाली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बाजी दचकला, त्यानं झटका दिला आणि घडी उलगडली. पट्टा दादांच्या मनगटाला राहिला, बाजी गेटातून सरळ रस्त्यावर. त्याला चुकवताना एक मोटारसायकलवाला पडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. संध्याकाळी बाजी एका ट्रकखाली थरथरत बसलेला सापडला. दादांच्या एका हाकेत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचे साहेब दादांना आणि पट्ट्याला घेऊन दुकानात आले. हा तुटला कसा, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी पट्टा हातात घेतला. पॉलिश उडालं होतं, आत पांढरा सुती दोरा दिसत होता, पिंजलेला. मी त्यावर अंगठा ठेवला.

आणि म्हणाले, “पट्टा भिजवून उन्हात वाळवलाय साहेब. चामडं कडक झालं की टाका राहत नाय. सांभाळायचं ह्यांच्याकडं होतं.”

साहेबांनी दादांकडं बघितलं. आता दादा चिडतील, पक्कड काढतील, माझा अंगठा बाजूला करतील असं मला वाटलं. त्यांनी खाली मान घातली. “व्हय साहेब. एकदा धुऊन उन्हात टाकला होता मी. चुकलं माझं.”

एकदा! एकदा उन्हात टाकल्यानं काय होतंय चामड्याला? मला ठाऊक होतं. पट्टा दादांच्या हातात परत देताना आतला पिंजलेला दोरा ओढून मुठीत घेतला.

बाजीला त्यांच्याकडून काढून जालन्याला दुसऱ्या माणसाच्या हातात दिलं. दादांना गेटवर वही घेऊन बसवलं. दोन महिन्यांत ते नोकरी सोडून पाचोडला गावी गेले. बाजी तिकडं धड खात नाय असं भजीवाल्याच्या कानावर आलं होतं, त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, कुत्रं आहे, खाईल भूक लागल्यावर. खरंच म्हटलं मी हे.

परवा पाचोडच्या आठवडी बाजारात घुंगरमाळा घेऊन बसले होते. एक पिकल्या केसांचा माणूस समोर उभा राहिला. “ताई, ओळखलं का?” पळून जावंसं वाटलं. पण ते हट्टानं घरी घेऊन गेले, चहाला. वहिनींनी आत आधण ठेवलं. मी ओसरीवर टेकले आणि समोर बघितलं. खुंटीला तो पट्टा होता. भिंतीच्या सावलीत, ऊन लागणार नाय अशा जागी.

वहिनी आतून म्हणाल्या, “दर रविवारी तेल लावतेत त्याला. मी म्हणते, कुत्रं गेलं, आता कशाला? ऐकत नायत.” बाजी जालन्यालाच मेला होता. दादांना कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

मी उठून पट्टा हातात घेतला. चामडं लोण्यासारखं मऊ होतं. अकरा वर्षं माझी चूक तो माणूस तेल लावून फेडत होता, स्वतःची समजून.

तिथंच उभ्यानं सांगितलं सगळं. रिळाचं, पॉलिशचं, अंगठ्याचं. आवाज काढून रडले, पण थांबले नाय. दादा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे मी नीटच सांभाळला होता?”

“व्हय दादा. नीटच.”

त्यांनी खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतका मोठा श्वास सोडला त्यांनी की वहिनी बाहेर आल्या. चहाची कपबशी हातातच राहिली त्यांच्या. ती कुणी मला दिली नाय, आणि बरोबरच केलं.

निघताना दादांनी तो पट्टा माझ्या हातात ठेवला. शिव्या दिल्या नायत, माफ केलं असंही म्हणाले नायत. एवढंच म्हणाले, “आता ह्याला तेल तुम्ही लावत जा.”

बसमध्ये पट्टा मांडीवर घेऊन बसले होते. लाज वाटते सांगायला, पण हलकं वाटत होतं. अजूनही वाटतंय. आज रविवार आहे. दुकान बंद आहे, तरी येऊन बसलेय. पट्टा सावलीत टांगलाय, आत्ताच तेल लावलं.