शेजाऱ्यावर प्रीती करायला नकार

सर्व सज्जनांना, आणि विशेषतः आमच्या मंडळीच्या वडीलजनांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, एका रविवारी सकाळी बालाघाट शहरातल्या आमच्या चर्चमधल्या झाडून सगळ्या माणसांनी शेजाऱ्यावर प्रीती करायला नकार दिला. या घोर घटनेला सर्वस्वी मी जबाबदार आहे. साक्षीदार भरपूर असल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

त्याचं असं झालं. देवाने मला रूप बेताचं दिलं, पण आवाज असा दिला की वैनगंगेच्या पलीकडे गेलेली म्हैस ऐकून परत यावी. नाताळच्या नाटकात दुष्ट राजा गेली कित्येक वर्षं मीच असते. आमच्याकडे एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा असला की सारी मंडळी उभी राहते आणि आपापल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देते. पाळकसाहेब प्रश्न विचारतात, उत्तराची सुरुवात मी करते आणि माझ्या आवाजाला धरून बाकीचे येतात. उत्तरं पुस्तकात छापलेली आहेत हेसुद्धा लोक विसरून गेले होते, इतकी ही सवय मुरलेली.

त्या रविवारी मात्र मी फार थकले होते. माझी मोठी नणंद, आम्ही सगळे तिला बाई म्हणतो, मोरीत पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती काही उठेना. माझे यजमान नोकरीला दूर बिरसा गावी. ते शनिवारी येत आणि रविवारी दुपारी जात. राहिलो आम्ही दोघी. शौचाला भांडं देणं, पुसून घेणं, कूस बदलणं, चादरी धुणं, आणि हे सगळं झाल्यावर ऐकणं, "वरणात मीठ नाही टाकलं काय वं?" मी हसून चार गोष्टी रंगवून सांगायचे, पण चौथ्या महिन्यात माझ्याजवळच्या गोष्टी संपल्या. मग मी गुपचूप नागपूरच्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी जागा ठरवली. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. यजमान एवढंच म्हणाले, "तुला झेपत नसेल तर काय करणार." बाईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला 'तपासणीला नेते' म्हणणार होते. राजाचं सोंग करणारीला तेवढं खोटं काय जड!

बाप्तिस्मा झाला, बाळ रडलं, आम्ही उभे राहिलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "सैतानाला आणि त्याच्या कामांना नाकारता काय?" मी दणक्यात म्हटलं, "नाकारतो!" मंडळीही दणक्यात म्हणाली. सैतानाला नाकारणं सोपं असतं. तो आपल्या घरी खाटेवर पडून मीठ मागत नाही. मग दुसरा प्रश्न आला, "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करून त्याच्यात प्रभूची सेवा कराल काय?"

माझं तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. मला सोमवारची गाडी दिसली. गाडीत आडवी घातलेली बाई दिसली. मी गप्प, म्हणून सगळे गप्प. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. पुढच्या बाकावरचे वडीलजन मागे वळून माझ्याकडे बघू लागले. पाळकसाहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. पंखे तेवढे फिरत होते.

तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून एका अनोळखी बाईचा आवाज आला, "हौ जी, करीन. पन लय थकली हाव, थोडी मदत करजा."

लोक हसले, आणि हसता हसता सगळ्यांनी उत्तर दिलं. माझ्या मात्र डोळ्यांतून पाणी आलं. वचन असंही देता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी आजवर ते ताकद असल्यासारखं गर्जून देत आले होते.

उपासना संपल्यावर ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली. साधं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "गोंदियाच्या गाडीले टाइम हाय माह्या. घरी कोन बिमार हाय तुमच्या?" मी काही सांगितलेलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं असेल. मी त्याहून मोठा दावा करत नाही. अनोळखी बाईला घरी न्यावं की नाही, एवढा विचार करायचंही त्राण नव्हतं. ऑटोत तिला शेजारी बसवलं. घरी बाईजवळ थांबलेले यजमान आम्ही पोचताच बिरशाला निघून गेले. मग ती म्हणाली, "तुमी पडा आता," आणि पदर खोचून बाईचे केस धुवायला बसली. चार महिन्यांत ते मला जमलं नव्हतं. मी खुर्चीत टेकले. जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती, बाईचे धुतलेले केस उशीवर पसरलेले होते आणि ती पाहुणी निघून गेली होती. बाळाच्या घरच्यांना विचारलं. त्यांची ती कोणी नव्हती. पुढे चर्चमध्ये कुणालाच ती दिसली नाही.

ती कोण होती याचा शोध मी सोडून दिला आहे. तीन तासांची झोप मिळाली, आणि जागी झाल्यावर एक गोष्ट कळली. प्रीती करायला लागणारं बळ माझ्याजवळ आधीपासून साठवलेलं असावं, अशी प्रभूची अट नव्हतीच. रिकाम्या हाताने मागितलं की तो त्या दिवसापुरतं देतो. त्याबद्दल मी आजही, कधी कधी चादर पिळता पिळता, त्याचे आभार मानते.

त्याच संध्याकाळी मी फोन करून गाडी नको म्हणून कळवलं. मग खाटेजवळ जाऊन बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तुम्हाला उद्या नागपूरच्या आश्रमात सोडणार होते. आता नाही सोडत. मला माफ करा."

बाईने धुतलेल्या केसांवरून हात फिरवला. आणि मग एकदम म्हणाली, "मालूम होतं मले, फोनवर बोलली तवाच आयकलं. पन थ्या बाईनं कानात पानी टाकलं वं माह्या! पुढच्या रविवारी तूच धुव!"