नवसाची दाढी

आमचे मिस्टर फौजेत आहेत. सुट्टीवर येतात तेव्हा बॅग घरात येते, माणूस घरात येतो, पण पहाटेची सवय काही सुट्टी घेत नाही. उजाडायच्या आत दाढी, तीही गुळगुळीत. मग इस्त्रीचा शर्ट पॅन्टीत खोचायचा, पट्टा आवळायचा, बूट पुसायचे. आणि एवढं नटून जायचं कुठं, तर डेअरीवर दूध घालायला.

मी बारामतीत दोन खोल्या घेऊन राहते, पोरांच्या शाळेसाठी. ब्लाउज, ड्रेस शिवते. सासर इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढं, लोणी देवकरच्या अलीकडं. शिवणकामामुळं मला वाईट खोड लागलीय. माणूस समोर आला की आधी त्याचं माप दिसतं, मग तोंड. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी हौसेनं ह्यांच्यासाठी गोल गळ्याचा टीशर्ट आणि सहा खिशांची पॅन्ट आणली होती. ह्यांनी ती घातली, आरशात बघितलं, घडी घातली आणि कपाटात ठेवली. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी रुसवा काढायला म्हणून भिगवणला मासे खायला नेलं, तर तिथंही शर्ट खोचलेला, वरचं बटण लावलेलं, आणि ऊन असं की धरणाच्या पाण्याकडं बघवत नव्हतं. मी म्हटलं, निदान तो शर्ट तरी बाहेर काढा, लोक बघतायत.

तेव्हा त्यांनी सांगितलं. छावणीतून बाहेर पडताना साधे कपडेच घालायचे असतात, पण साधे म्हणजे कसे, ते गेटवरचा हवालदार ठरवतो. पायात साधी चप्पल दिसली की माघारी. केस कानावर आले की माघारी. एकदा ह्यांना नुसत्या चुरगळलेल्या कॉलरवरून परत पाठवलं होतं, आणि त्या दिवशीचा बाजार हुकला होता.

"पण इथं कुठं आहे तुमचा हवालदार?" मी विचारलं.

माशाचा काटा बाजूला ठेवत हे म्हणाले, "हितं मीच हाय."

मला ते तेव्हा अजिबात आवडलं नाही. नवरा दहा महिन्यांनी येतो आणि येताना हवालदार बरोबर घेऊन येतो, हे कुठल्या बाईला आवडेल? पुढं सवय झाली. सवय झाली म्हणजे कळलं असं नव्हे.

मामांना मात्र त्याचा फार अभिमान. मामा म्हणजे माझे सासरे, ह्यांचे आबा. थंडीत ह्यांची जुनी हिरवी जर्सी घालून उसाला पाणी धरायचे आणि बांधावर कोणी भेटलं की लेकाचा विषय काढायचे. लेकाची बढती, पगार, नेमणूक यातलं त्यांना फारसं काही सांगता यायचं नाही. ते एवढंच म्हणायचे, "माझ्या पोराचं तोंड कवाबी बघा, घासल्याल्या तांब्यावानी." गावातल्या पोरांच्या दाढ्यांवर त्यांचा राग होता. एमआयडीसीत कामाला जाणारी आमच्या आळीतली सगळी पोरं दाढी राखून, तिला धार काढून हिंडतात. मामा त्यांना विचारायचे, "काय रं, घरात काय झालंय का?" पोरं हसून पुढं जायची.

गेल्या थंडीत मामा उसातच पडले. उजवं अंग लुळं झालं आणि जीभ जड झाली. बारामतीच्या एका दवाखान्यात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. हे तातडीची सुट्टी घेऊन निघाले, दौंडला गाडी बदलून सरळ दवाखान्यात आले. इतक्या लांबच्या प्रवासातून आलेला माणूस, डोळे लाल, पण गाल साफ. गाडीतल्या बेसिनपाशी उभं राहून दाढी केली होती.

जिन्याखाली आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी लेकाला जवळ घेतलं, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही आजची शेवटची. मी भैरोबाला बोललीय. तुजा बाप सोताच्या पायानं घरी येतोय तवर तू गालाला पातं लावायचं न्हाय. मंग ती दाढी देवाच्या पायाशी उतरायची."

हे म्हणाले, "आई, सुट्टी संपली की काढावीच लागंल. तसं तोंड घेऊन मला हजर न्हाय होता येणार."

"तवर येतोय की चालत," आत्या म्हणाल्या. इतक्या खात्रीनं, की जणू देवानं तारीख दिली होती.

मला राग आला. खरं तर मला रागच आधी येतो, बाकी सगळं मागून. नवस सासूबाईंचा, दाढी नवऱ्याची आणि खाजेची कुरकुर ऐकायची मी. बोलायचाच होता नवस तर साखर सोडायची, चप्पल सोडायची, आपल्या अंगावर काहीतरी घ्यायचं. दुसऱ्याच्या तोंडावर कसला नवस? पण नवरा मरणाच्या दारात असलेल्या बाईशी भांडायचं नसतं, एवढं मलाही कळतं. शिवाय खोटं कशाला बोलू, नवस फेडायची वेळ यावी असं मलाही आतून वाटत होतं.

आत्यांना आम्ही गावी पाठवलं. आत एका वेळी एकालाच सोडायचे, आणि घरी म्हैस व्यायला झाली होती. त्या रोज संध्याकाळी भैरोबाला दिवा लावायच्या आणि फोन करायच्या. पहिला प्रश्न मामांचा, दुसरा दाढीचा.

दाढी वाढली. आधी नुसती काळी सावली, मग खुंट, मग हनुवटीवर चार-दोन पांढरे केस, जे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हते. हे सारखे गाल खाजवायचे. बाथरूममधल्या आरशाकडं बघायचं टाळायचे. एकदा कॉरिडॉरमध्ये एक वयस्क गृहस्थ शेजारी बसले, पाठ ताठ, मिशी कातरलेली. दोघांचं बोलणं निघालं, ते रिटायर सुभेदार निघाले. त्यांनी ह्यांच्या हनुवटीकडं एकदा बघितलं आणि हसून विचारलं, "सुट्टी की पेन्शन?"

हेही हसले. पण नंतर कितीतरी वेळ हनुवटी तळहातानं झाकून बसले. मी म्हटलं, सांगायचं नाही का नवसाचं? तर म्हणाले, "ज्याला त्याला काय सांगत बसू? तोंड सांगतंय ते खरं धरत्यात लोकं." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. अंगावरचा कपडा उसवला तर माणसाला जसं अवघडायला होतं, तसे हे गालांनी अवघडले होते. शर्ट अजून खोचलेलाच होता, बूट पुसलेलेच होते. त्यामुळं दाढी आणखी परकी दिसायची.

मामा त्या दिवसांत बहुतेक गुंगीतच होते. पाच मिनिटं आत जाऊन हाताला हात लावून यायचं, एवढंच. मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, आता साध्या वॉर्डात हलवू. मामांनी डोळे नीट उघडले. हे समोरच उभे होते.

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. नजर गालांवरून हलेना. मग चालता होता तो डावा हात वर आला, ह्यांच्या हनुवटीला लागला, खुंटांवरून एकदा फिरला आणि खाली पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ह्यांनाही भरून आलं. आम्हाला वाटलं, लेक दिसला म्हणून.

त्यानंतर मामांनी तोंड मिटलं. पेज नको, पाणी नको, चमचा ओठाला लागला की मान भिंतीकडं. व्यायाम घ्यायला मुलगी यायची, ती हात उचलायची, सोडला की तो तसाच पडायचा. मधूनच घशातून काहीतरी आवाज काढायचे, पण जीभ वळत नव्हती, अर्थ लागायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अशा आजारात माणसाचं मन खचतं, समजवा त्यांना. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल, आणि मनानं सोडलं तर औषधाचा फार उपयोग नाही.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानं दाढीला कात्री लावली का? खरं सांग."

"नाही आत्या."

"कडंनं कोरली बी न्हाय?"

"नाही."

"मंग नीट ऱ्हा म्हणावं त्याला. देव बघतोय."

मामा जेवढे खंगत होते तेवढा आत्यांचा जीव त्या दाढीला जास्त चिकटत होता. सुट्टीही संपत आली होती. हे रात्रभर खुर्चीत बसून होते. मी विचारलं, काय करणार? म्हणाले, "काढली आन् आबांना काय झालं, तर आई जलमभर माझ्या तोंडाकडं बघायची न्हाय."

सकाळी मी कोणाला न विचारता गावी गेले आणि आत्यांना एसटीत घालून घेऊन आले. वाटेत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मला एवढंच वाटत होतं की जायचंच असेल तर मामांनी बायकोचं तोंड बघून जावं. हे मी आत्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ते कळलं होतं, कारण निघताना त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

वॉर्डात आत्या कॉटपाशी गेल्या. "काय वो," एवढंच म्हणाल्या.

मामांनी मान वळवली. बघितलं. आणि त्यांच्या तोंडाचा एवढा मोठा आ झाला की मी घाबरले. डाव्या हातानं त्यांनी आत्यांचं मनगट पकडलं, हिरव्या बांगड्या चाचपल्या, मग हात कपाळापर्यंत नेला आणि कुंकवावर बोट ठेवलं. हुंदके देऊन रडायला लागले. कुंकू लागलेलं बोट तसंच वर राहिलं होतं.

रडणं ओसरलं, तेव्हा त्यांनी पुन्हा ह्यांच्या हनुवटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला, लहान पोराची उंची दाखवतात तसा. मी म्हटलं, "मामा, पोरं शाळेत गेलीत. दोघंबी बरी हायत." त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि नजर पुन्हा दाढीवर.

आत्या पटकन लेकाकडं वळल्या. "आरं," त्या म्हणाल्या, "तुजी आजी गेली तवाच तुजी दाढी ह्यांनी बघितलीती. सुतकात."

आमच्याकडं घरात कोणी गेलं की दहा दिवस पुरुष दाढीला हात लावत नाहीत. बाकी कोणाची दाढी बघून मामांना काही वाटलं नसतं. पण हा लेक, ज्याचा गाल सुट्टीतसुद्धा कधी खरबरीत दिसला नाही, तो दाढी वाढवून उशाशी उभा, आणि बायको कुठं दिसत नाही. मामांनी सरळ हिशेब केला होता. आत्या गेल्या असं समजून ते तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"जा," आत्या ह्यांना म्हणाल्या. "आत्ता काढून ये."

"आई, नवस?"

"नवस माजा हाय. भैरोबाला काय सांगायचं ते मी सांगन. जा तू."

हे वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. सामान बॅगेत होतंच. पात्याचा आवाज येत होता, आणि इकडं आत्या मामांचा हात धरून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, आपण कपडे घालतो, केस राखतो, ते आपल्यासाठी, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगत आले. तसं नसतं. कोणीतरी रोज आपल्याकडं बघून आपलं बरं आहे की नाही ते ठरवत असतं. मामांनी इतकी वर्षं त्या साफ गालांवरूनच ओळखलं होतं की सगळं ठीक आहे. लेकानं पत्रात, फोनवर काय सांगितलं, याच्याशी त्यांना फार देणंघेणं नव्हतं.

हे परत आले. गालावर एका ठिकाणी कापलं होतं. कॉटपाशी वाकले, तसा मामांनी हात फिरवला, आधी एका गालावर, मग दुसऱ्या. मग ओठ हलले. आम्ही तिघंही वाकलो. जीभ अडखळत होती, पण शब्द कळले.

"मंग... मेलं कोन?"

आत्यांना आतापर्यंत रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या रडतच म्हणाल्या, "कोन न्हाय वो. तुमी ऱ्हावं म्हणून ठिवलीती ती."

मामांच्या तोंडाची एकच बाजू हलत होती. तेवढीच हसली.

"येडी," ते म्हणाले, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.