ताडपत्रीचा दोर

साहेबांची गाडी आम्ही दोर लावून ओढली. चांगल्या ठाणेदाराची बदली झाली की आमच्याकडे असाच निरोप देतात. बॉनेटवर झेंडूच्या माळा, इंजिन बंद, आणि पुढे दोर धरून सगळे शिपाई-हवालदार. मी सगळ्यात पुढे होतो आणि रडतही होतो.

बदली का झाली, ते ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी चोरीच्या रेतीचा ट्रक पकडून आवारात लावला होता. तो निघाला इथल्या एका नेत्याच्या भाच्याचा. सोडून द्या, म्हणून वरून फोन आला. साहेब म्हणाले, "कोर्टानं सांगितलं की सोडतो." आठवडा उलटला नाही तोच बदलीचा आदेश आला: गडचिरोली, तेही पार धानोऱ्याकडे.

निरोपाच्या दिवशी ऐनवेळी दोर मिळेना. एकानं त्याच ट्रकच्या ताडपत्रीचा दोर सोडून आणला. आम्ही खदखदून हसलो. नेत्याची कशी जिरवली, असं वाटलं. मग घोषणा देत गाडी फाटकाबाहेर नेली. साहेब हात जोडून गेले.

परत आलो तर भाचा ट्रकपाशी उभा. नव्या साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या ट्रक सोडायला सांगितलं होतं.

"माहा दोर कुठी हाय?" त्यानं विचारलं.

मघाशी घसा फाटेस्तोवर ओरडणारे आम्ही, कोणी कोणाकडं पाहीना. दोर माझ्याच हातात होता. त्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या मी झटकल्या आणि दोर पुढे केला.

त्यानं हात खिशातून काढलाच नाही. "बांधून द्या ना, भाऊ."

मी बांधून दिला. गाठही पक्की मारली.